चिपळूण : नदीकाठी दुकान मांडायचे तर

कराड आणि चिपळूण यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे, तरी ही दोन गावे एकमेकांना फार जुनी ओळखतात. पाटण, कोयनानगर, हेळवाक करत रस्ता कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर येतो आणि तिथून वळणावळणाने पोफळी, अलोरे, शिरगाव, खेर्डी असा उतरत चिपळूणला पोहोचतो. आगगाडी आणि मोटार नव्हती तेव्हा बैलांचे तांडे याच वाटेने देशावरचा माल खाली नेत. परतताना मीठ, सुकी मासळी, नारळ आणि मुंबईहून जहाजाने आलेला माल वर येई. आमच्या कराडच्या भांड्यांच्या दुकानात आजही चिपळूणकडचे गिऱ्हाईक आले की थोरली माणसे त्याला ‘खालचा पाव्हणा’ म्हणतात.

आमच्या मोठ्या आपांना तिकडेच दिले. सासर चिपळूणलगतच्या कालुस्त्यात, खाडीकाठी. आम्ही देशावरचे लोक घरात दखनी बोलणारे आणि ते कोकणी मुसलमान, घरात कोकणातली मराठी बोलणारे. लग्नानंतर पहिली दोन वर्षे आपांना सासूबाईंचे निम्मे बोलणे कळत नव्हते, असे त्या हसून सांगतात. आता त्यांच्या बोलण्यातली दखनीच कमी झाली आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही दोघे पाच दिवसांसाठी चिपळूणला गेलो ते नुसते पाहुणचाराला नव्हे. आपांचा मुलगा अकरा वर्षे कुवेतला होता. एसी आणि फ्रीज दुरुस्तीचे काम शिकून तो तिथे फोरमन झाला. आता त्याला परत जायचे नव्हते. चिपळूणच्या बाजारपेठेत एक गाळा भाड्याने मिळत होता. तिथे टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीनचे दुकान थाटायचे त्याच्या मनात होते. दुल्हेभाईंचा ठाम विरोध होता. ‘अकरा वर्षांची कमाई नदीच्या तोंडाशी नेऊन ठेवतोय,’ असे ते म्हणत. आपांचे मन मुलाच्या बाजूने होते. त्यांचे निम्मे आयुष्य नवऱ्याच्या परदेशच्या नोकरीत गेले, उरलेले मुलाच्या नोकरीत. दुकानदारीतले दोन शब्द आम्हाला कळतात म्हणून आम्हाला बोलावणे आले. ‘मामू-मामी बघून सांगतील ते ऐकायचे,’ असे ठरले होते. एवढी जबाबदारी डोक्यावर असली की गाव नुसते फिरून भागत नाही, ते समजून घ्यावे लागते.

तीन पाण्यांचे गाव

चिपळूण समजायचे तर आधी वाशिष्ठी समजली पाहिजे. ही नदी सह्याद्रीच्या कड्यांतून निघते, चिपळूणवरून पश्चिमेला जाते आणि दाभोळजवळ अरबी समुद्राला मिळते. गावातून वाहणारी शिवनदीही तिलाच येऊन मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात उधाणतात आणि उन्हाळ्यात दगडगोटे दाखवतात. वाशिष्ठीचे तसे नाही. मे महिन्यातही तिच्यात पाणी असते आणि त्याचे कारण आमच्या कोयनेत आहे.

कोयना नदी मुळात पूर्वेला वाहते आणि कराडला कृष्णेला मिळते. पण १९६० च्या दशकापासून धरणातले बरेच पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडले जाते. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात ते उंचावरून पडते आणि वीज तयार होते. तेच पाणी पुढे कोळकेवाडी धरणात अडवून पुन्हा विजेसाठी वापरतात. कोयना प्रकल्पाची सगळ्या टप्प्यांची मिळून क्षमता १,९६० मेगावॉट आहे. काम संपलेले हे पाणी शेवटी वाशिष्ठीत येते. म्हणजे जे पाणी कराडला आमच्या घरासमोरून गेले असते, त्यातलेच काही आपांच्या अंगणापुढून समुद्राला जाते. हे ऐकल्यावर आपा म्हणाल्या, ‘माहेरून काहीतरी रोज येते म्हणायचे!’

तिसरे पाणी समुद्राचे. भरती दाभोळच्या मुखातून खाडीने आत चढते आणि गोवळकोटपर्यंत येते. गोवळकोटच्या धक्क्यावर तासभर बसलो तर चिखलात टेकलेली होडी डोळ्यांदेखत तरंगू लागते.

डोंगरावरचा पाऊस, वीजगृहाचे पाणी आणि समुद्राची भरती ही तीन पाणी रोज चिपळूणला भेटतात. एरवी त्यांचे भांडण नसते. पण जुलैमध्ये घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस लागला, त्याच वेळी उधाणाची भरती आली आणि नदीचे पात्र गाळाने उथळ झालेले असले, तर पाण्याला पुढे जायला वाट राहत नाही. मग ते बाजारपेठेत येते. कोकणात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा ही गाठ कधी ना कधी पडणारच, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

बंदर होते म्हणून बाजार

मग लोकांनी एवढ्या सखल जागी बाजार मांडलाच का, असा प्रश्न देशावरच्या माणसाला पडतो. आम्हालाही पडला. उत्तर गोवळकोटला मिळते. तिथल्या टेकडीवरच्या गोविंदगडासाठी अठराव्या शतकात सिद्दी आणि मराठे यांच्या झटापटी झाल्या. गडावरून पाहिले की खाडी सापासारखी वळत दाभोळकडे जाताना दिसते. रस्ते नव्हते तेव्हा हा जलमार्ग म्हणजेच हमरस्ता. गलबते भरतीबरोबर वर येत, माल उतरत, ओहोटीबरोबर परत जात. मुंबईची बोट दाभोळला लागायची आणि तिथून छोट्या लाँचने माणसे गोवळकोटला यायची. बैलांचा तांडा जिथे संपायचा आणि होडी जिथे सुरू व्हायची, तिथेच बाजार बसला. दुकानदार नदीपासून लांब गेला असता तर त्याचे दुकानच चालले नसते.

खाडीच्या तोंडावरचे दाभोळ तर बहमनी आणि आदिलशाही काळात दख्खनचे मोठे बंदर होते. अरबस्तानाशी आणि इराणशी इथून व्यापार चाले. दख्खनमधले हाजी इथूनच जहाजात बसत. आम्ही एक दिवस राखून तिकडे गेलो. चिपळूणहून गुहागरच्या बाजूने धोपाव्याला जायचे आणि फेरीबोटीने खाडी ओलांडायची. गाडीसुद्धा बोटीत चढते. दाभोळच्या काठावरच ती जुनी दगडी मशीद आहे, जिला लोक अंडा मशीद म्हणतात. मोठा घुमट, चार मिनार आणि समोर पाण्याचा हौद. विजापूरच्या एका शहजादीने ती बांधली, अशी कथा सांगतात. हजला निघालेली ती शहजादी वाटेत इथे थांबली, जाणे झाले नाही, मग बरोबरचा पैसा मशिदीला लावला, असे लोक म्हणतात. जुहरची नमाज आटोपून आम्ही पायरीवर बसलो. एवढे मोठे बंदर आणि आज मासेमारीच्या होड्या तेवढ्या. व्यापार जागा बदलतो, पाणी तिथेच राहते.

चिपळूणचेही तसेच झाले. खाडी गाळाने भरत गेली, मोटारी आल्या, मुंबई-गोवा महामार्ग आला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. गलबते गेली, पण बाजार हलला नाही. दोनशे गावांच्या सवयी एका जागेला जडल्या की बाजार उचलून नेता येत नाही.

बाजारपेठेतला एक दिवस

२०११ च्या जनगणनेत चिपळूण शहराची लोकसंख्या साधारण ५५ हजार होती. पण बाजारात फिरताना ती त्याहून जास्त वाटते, कारण गिऱ्हाईक गुहागर आणि खेडच्या बाजूने, खाडीकाठच्या गावांतून आणि घाटाच्या पायथ्यापासून येते. चिंचनाका, मुरादपूर, पेठमाप, बहादूरशेख नाका ही नावे ऐकतच आम्ही फिरलो. भाचा पुढे, आम्ही मागे.

आम्ही दर दुकानात तीन गोष्टी विचारत होतो. कोणत्या महिन्यात धंदा होतो, उधारी किती दिवसांची, आणि पाणी कुठपर्यंत आले होते.

पहिल्याचे उत्तर सगळीकडे सारखे. एप्रिल-मे हा सुगीचा काळ. मुंबईकर चाकरमानी गावी येतात, लग्ने होतात, आंबा-काजूचा पैसा हातात असतो, आखातातली माणसे सुट्टीवर येतात. मग जूनच्या आरंभी ताडपत्री, छत्र्या, गमबूट. नंतर शुकशुकाट. गणपतीला पुन्हा उसळी. रमजान ईद ज्या महिन्यात येईल तो महिना चांगला. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने कमवायचे आणि बाकीचे रेटायचे.

उधारीचे उत्तर देताना सगळे हसले. कोकणात उधारी दिवसांवर नसते, नात्यावर असते.

तिसऱ्या प्रश्नाला कोणी तोंडाने उत्तर दिले नाही. बोटाने भिंत दाखवली. काहींनी रंग काढताना ती खूण मुद्दाम ठेवली आहे. एका चपलांच्या दुकानात दोन खुणा होत्या, एक छातीएवढी आणि एक शटरच्याही वर. खालची २६ जुलै २००५ ची आणि वरची २२ जुलै २०२१ ची.

ईदचा दुसरा दिवस

२०२१ ची बकरी ईद २१ जुलैला, बुधवारी होती. कोरोनाचे निर्बंध असल्याने ईदची नमाज लोकांनी घरीच पढली. आपांच्या घरी दुपारपर्यंत कुर्बानीच्या गोश्तचे वाटे झाले. पाऊस सारखा लागून होता. रात्री उशिरा बाजारातल्या ओळखीच्यांचे फोन सुरू झाले, पाणी चढतेय म्हणून. गुरुवारी पहाटेपर्यंत शहर बुडाले होते. तळमजले गेले, काही ठिकाणी पाणी पहिल्या मजल्याला लागले. माणसे गच्चीवर, पत्र्यावर, मिळेल त्या उंचीवर चढली. एसटीचे आगारप्रमुख आगाराची लाखो रुपयांची रोकड घेऊन बसच्या टपावर कित्येक तास बसून राहिले, ही हकीकत तेव्हा वर्तमानपत्रांत आली होती. चिपळूणमध्ये ती आजही अभिमानाने सांगतात. महामार्गावरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला. कोकण रेल्वे थांबली. वीज नाही, फोन नाही, आणि बाहेरची मदत यायला रस्ता नाही.

भाचा त्या वेळी कुवेतला होता. दोन दिवस आईबापांचा आवाज ऐकायला मिळाला नाही. ‘मामू, तिथे माझ्याकडे सगळे होते आणि इथे एक दोरसुद्धा टाकता येत नव्हता,’ तो म्हणाला. परत न जाण्याचे खरे कारण तेव्हा आम्हाला कळले. दुकान ही पुढची गोष्ट होती.

पाणी उतरल्यावरचे चिपळूण ज्यांनी पाहिले ते त्या वासाबद्दल बोलतात. गुडघाभर चिखल, त्यात भिजलेले धान्य, औषधे, कापड, मेलेली जनावरे. दीडशे वर्षांहून जुन्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तके २००५ मध्ये भिजली होती, २०२१ मध्ये पुन्हा भिजली. खाडीकाठच्या वाड्यांतून, डोंगरावरच्या गावांतून आणि घाटावरून लोक फावडी आणि पाणी घेऊन आले. भाकऱ्यांची गाठोडी आली. ती कुठल्या घरात भाजली हे कोणी विचारले नाही. आपांनी सलग नऊ दिवस तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. गोश्त तर ईदच्या दुसऱ्याच दिवशी लागेल त्याला देऊन संपले होते.

चपलांच्या दुकानाचे मालक, सत्तरीचे गृहस्थ, आम्हाला वेगळेच सांगत होते. त्यांच्या दुकानातली उधारीची वही वाहून गेली. कोणाकडून किती यायचे, काही पुरावा राहिला नाही. ‘महिन्याभराने माणसे येऊ लागली,’ ते म्हणाले. ‘चाचा, तुमचे माझ्याकडे साडेआठशे आहेत, लिहून घ्या. चाचा, माझे दोन जोड होते. स्वतःचे घर बुडालेली माणसेसुद्धा आली.’ सगळे आले का, असे आम्ही विचारले. ‘नाही. पण आले त्यांच्यावर दुकान पुन्हा उभे राहिले. जे आले नाहीत ते अजून दुसऱ्या रस्त्याने जातात.’

आम्ही तीस वर्षे दुकान चालवतो. वही हा आमचा कणा आहे. वहीशिवायचा धंदा कसा उभा राहतो ते आम्ही तिथे ऐकले.

रेषा आणि कागद

पुरानंतर गाव नुसते रडत बसले नाही. नदीतला गाळ काढा, ही मागणी घेऊन चिपळूणकरांनी साखळी उपोषण केले. दुकानदार, डॉक्टर, शिक्षक, रिक्षावाले सगळे मांडवात आळीपाळीने बसले. त्यानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढण्याचे मोठे काम झाले. ‘नाम फाउंडेशन’ही त्यात होते. पुरात कोळकेवाडीच्या पाण्याचा वाटा किती, यावर मात्र गावात अजून दोन तट आहेत.

धंदा करणाऱ्याने माहीत करून घ्यावी अशी गोष्ट म्हणजे पूररेषा. पाटबंधारे खाते नदीकाठच्या शहरांसाठी दोन रेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटींवर करता येते. चिपळूणमध्ये या रेषा आल्या तेव्हा शहराचा मोठा भाग त्यांच्या आत गेला आणि लोकांनी हरकती घेतल्या. जुनी घरे दुरुस्त कशी करायची, जागा विकायची तर किंमत कोण देणार, बँक कर्ज देईल का, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत.

भाच्याचा गाळा निळ्या रेषेच्या आतच होता. मालक डिपॉझिट भरपूर मागत होता आणि करार अकरा महिन्यांचा. आम्ही नगरपरिषदेत जाऊन नकाशा पाहिला, शेजारच्या दुकानदारांना २०२१ ची खूण विचारली, पोटमाळा किती वजन पेलेल ते सुताराला नेऊन दाखवले. विम्याचीही चौकशी केली. विम्याबद्दल आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत आणि ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावे. पण ज्यांनी विमा घेतला होता त्यांच्यातही काहींना नंतर कळले की त्यांच्या कागदात आग होती, चोरी होती, पूर नव्हता. घ्यायचाच असेल तर कागद पूर्ण वाचावा.

बायकांचा हिशेब

पुरुषमंडळी बाजारात होती तेव्हा घरातल्या बायकांनी चिपळूणचा आणखी एक हिशेब दाखवला. या भागातल्या घरांत जूनआधी एक काम ठरलेले असते. कागदांची पिशवी भरायची. रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट, जमिनीचा उतारा, निकाहनामा, मुलांचे दाखले, बँकेचे पुस्तक, सगळे प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून उंच खुंटीला. जड भांडी खाली राहतात, धान्याची पिंपे वर जातात. औषधे, मेणबत्त्या, बॅटरी, पिण्याचे पाणी वेगळे. आपांच्या घरात तर मांडणीची प्रत्येक पायरी ठरलेली आहे. पाणी अंगणात आले की पहिल्या पायरीवरचे सामान उचलायचे, ओट्याला लागले की दुसऱ्या.

राहायला चिपळूण गोड गाव आहे. ताजी मासळी दाराशी येते, भाजी घाटावरून येते, नळाला पाणी असते. सांदण, खापरोळ्या, खाडीतल्या चिंबोऱ्यांचे कालवण, हे पाच दिवसांत आम्ही इतके खाल्ले की परतताना कुंभार्लीची वळणे जड गेली. शेजारच्या एक खाला मसाले कुटून आणि सोडे भरून मुंबईला पाठवतात. त्यांच्या दोन मुलींचे शिक्षण त्यावर झाले. त्यांनी पुरानंतर एकच बदल केला. मसाला तयार करून ठेवत नाहीत. मागणी आली की कुटतात.

नदीत मगरी आहेत, हेही नवख्या माणसाने लक्षात ठेवावे. गोवळकोटहून होडीने मगरी दाखवायला नेतात. चिखलाच्या काठावर ओंडक्यासारख्या पडलेल्या मगरी आम्ही पाहिल्या. पावसाळ्यात एखादी रस्त्यावरही येते. मुलांना काठावर पाय सोडून बसू देऊ नये, एवढीच खबरदारी. खाडीत अजून भोई बांधव मासे मारतात. पण कारखान्यांच्या सांडपाण्याने मासळी कमी झाल्याची त्यांची तक्रार जुनी आहे. होडीवाला म्हणाला, बापाच्या काळी जाळ्याला जे लागे ते आता नावाने सांगावे लागते.

इशानंतरची बैठक

चौथ्या रात्री इशाच्या नमाजनंतर सगळे ओट्यावर बसलो. दुल्हेभाईंनी आपले म्हणणे पुन्हा मांडले. मुलाने कुवेतला परत जावे, चार वर्षे अजून काढावीत. आपा बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘पाणी काही वर्षांनी एक दिवस येते. मुलगा वर्षातून एक महिना येतो. कशाची भीती जास्त धरायची ते तुम्हीच सांगा.’

त्यावर कोणी काही बोलले नाही. मग आम्ही आमचे म्हणणे मांडले.

दुकान वाईट नाही, माल वाईट आहे. स्टीलची भांडी पुरात गेली तर धुऊन विकता येतात. टीव्ही आणि फ्रीज भिजले की भंगार. कर्ज काढून तळमजला अशा मालाने भरायचा म्हणजे दर जूनमध्ये झोप गमवायची. पण भाच्याच्या हातात जे काम आहे ते भिजत नाही. एसी, फ्रीज, पंप, वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा माणूस गावात बारा महिने लागतो आणि पुरानंतर तर सगळ्यात आधी लागतो. तेव्हा दुकान दुरुस्तीचे असावे. विक्री करायची तर मागणी घेऊन, घाटावरून माल आणून थेट गिऱ्हाइकाच्या घरी. दुकानात मांडायला दोन-तीन नग पुरेत. मोठ्या गाळ्याऐवजी पोटमाळ्याचा छोटा गाळा घ्यावा.

दुल्हेभाईंनी विचारले, ‘माल किती ठेवायचा?’ भाच्यानेच उत्तर दिले, ‘चार माणसांनी दोन तासांत माळ्यावर चढवता येईल तेवढा.’ हे त्याने बाजारातल्या एका दुकानदाराकडून ऐकले होते. दुल्हेभाईंनी आणखी एक अट घातली. दर महिन्याच्या नफ्यातला ठरावीक हिस्सा बाजूला निघेल आणि त्याला कोणी हात लावणार नाही. घरात त्याला ‘नदीचा वाटा’ असे नाव पडले. व्याजाचे कर्ज नको, हे सगळ्यांचे मत होते. कमी पडले ते आम्ही दोन घरांनी कर्जे-हसना म्हणून दिले आणि लिहून ठेवले.

शेवटची अट आपांची. ‘उद्या पूर आला तर दुरुस्तीचे भाव वाढवायचे नाहीत. ज्याचे घर बुडाले त्याच्याकडून सुट्या भागाचे पैसे घे, मजुरी त्याला जमेल तेव्हा.’ भाचा म्हणाला, ‘अम्मी, मग धंदा कसा होईल?’ आपांनी चपलांच्या दुकानाकडे बोट दाखवावे तसे बाजाराच्या दिशेने बोट केले. ‘चाचांचा झाला तसा.’

मोठा गाळा सोडला. चिंचनाक्याच्या बाजूला, एका जुन्या इमारतीत, पोटमाळ्याचा छोटा गाळा मिळाला. रमजान ईदनंतर शटर उघडले. एप्रिल-मेच्या लग्नसराईत काम इतके आले की हाताखाली दोन मुले ठेवावी लागली, त्यातला एक पेठमापचा आणि एक खेर्डीचा. मुंबईकरांचे बंद पडलेले फ्रीज दर मे महिन्यात सुरू करून देण्याचे कामच त्याला पुरते.

जूनच्या पहिल्या पावसात त्याने फोन केला. कंप्रेसर, मोटारी आणि वायरची बंडले माळ्यावर चढवून पाहिली होती. एक तास चाळीस मिनिटे लागली. ‘वीस मिनिटे शिल्लक आहेत, मामू,’ तो म्हणाला. मागून दुल्हेभाईंचा आवाज आला. ते शिडीची तिसरी पायरी बदलायला सांगत होते.